कॉल केले नसते तर? एका फॉलोअप सेवेचं मूल्यमापन करताना गेलेलं वर्ष

मागचं जवळजवळ पूर्ण वर्ष एका कामात गेलं, आणि सुरुवात केली तेव्हा त्या कामाला काय म्हणतात हेही मला माहीत नव्हतं. मी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. आमच्या युनिटमध्ये १ जुलै २०२३ पासून एक सेवा सुरू आहे, हार्ट फेल्युअरचा (हृदय नीट पंप करत नाही, अंगात पाणी साठतं) जास्त धोक्याचा पेशंट घरी गेला की ४८ तासांत त्याला फोन करायचा, रोज सकाळी वजन करताय का, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलंय का, पायाला सूज आहे का, लघवीची गोळी चालू आहे की कुणी सांगितल्याशिवायच बंद केली, असं सगळं विचारायचं. फोन मी आणि एक सिस्टर करतो. या सेवेमुळे पेशंट परत ॲडमिट होण्याचं प्रमाण कमी झालं का, एवढंच शोधायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे सेवा कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून दोन गटांची तुलना, करता येणार नव्हती कारण सेवा दीड वर्षापूर्वीच सुरू झाली होती, आणि अशा वेळी ज्या पद्धती वापरतात त्यांना क्वासी-एक्सपेरिमेंटल डिझाइन म्हणतात, मराठीत अर्ध-प्रायोगिक. तुमच्या हॉस्पिटलमध्ये कुणी तुम्हाला "सेवेचा परिणाम दाखवा" असं सांगितलं असेल आणि कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर हे वाचा, निदान माझे गेलेले महिने तरी वाचतील.

जानेवारी २०२५ मध्ये मीटिंगमध्ये सांगण्यात आलं की पुढच्या बजेटआधी आकडे पाहिजेत, तीन आठवड्यांत. मी लगेच बसले आणि जे सुचलं ते केलं, ज्या पेशंटना फोन केले होते त्यांची यादी काढली, फोन सुरू होण्याआधीच्या सहा महिन्यांत ते किती वेळा ॲडमिट झाले आणि नंतरच्या सहा महिन्यांत किती वेळा, हे मोजलं. जवळजवळ निम्मं! सिस्टरना दाखवलं तर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, कारण दीड वर्ष त्या ड्यूटी संपल्यावरही थांबून फोन करत होत्या. सादर करायच्या आधी एकदा कुणाला तरी दाखवून घ्यावं म्हणून मी स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे गेले. त्यांनी कागद नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "हे फोन केले नसते तर याच पेशंटचं काय झालं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी समजावलं. आम्ही फोन कुणाला करत होतो? ज्यांचा धोका जास्त त्यांना, म्हणजे नुकतेच वारंवार ॲडमिट झालेल्यांना. माणूस त्याच्या सगळ्यात वाईट काळात आपल्या यादीत येतो, आणि वाईट काळानंतर बहुतेकांचं थोडं बरं होतंच, आपण काही करो वा न करो. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. त्यांनी अमेरिकेतल्या कॅम्डेन शहराचं उदाहरण दिलं, तिथे सारखं सारखं हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या पेशंटसाठी नर्स आणि सोशल वर्करची टीम घरी जायची, खूप गाजलेला कार्यक्रम. त्याची ८०० पेशंटवर रँडमाइज्ड ट्रायल झाली आणि २०२० मध्ये निकाल आला, १८० दिवसांत परत ॲडमिट झालेले कार्यक्रमात ६२.३ टक्के आणि कार्यक्रमाबाहेर ६१.७ टक्के. पण फक्त कार्यक्रमातल्या लोकांचं आधी-नंतर बघितलं असतं तर ३८ पर्सेंटेज पॉइंटची घट दिसली असती, तेवढीच घट दुसऱ्या गटातही झाली होती. हे ऐकून मी घरी गेले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. सिस्टरना काय सांगायचं हेच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना मेल केला की तीन आठवड्यांत होणार नाही, आणि का होणार नाही ते चार ओळीत लिहिलं. माझी अपेक्षा नव्हती पण त्यांनी मान्य केलं. ही टीप अगदी मनापासून देते, वेळ सुरुवातीलाच मागा, चुकीचा आकडा एकदा स्लाइडवर गेला की तो परत घेणं फार अवघड जातं.

फेब्रुवारी पूर्ण डिझाइन ठरवण्यात गेला. पहिल्यांदा मला रिग्रेशन डिस्कन्टिन्युइटी खूप आवडलं होतं. आम्ही फोनसाठी लेस (LACE) स्कोअर वापरतो, परत ॲडमिट होण्याचा धोका मोजणारा, ० ते १९ असतो, किती दिवस ॲडमिट होते, इमर्जन्सीमधून आले का, बाकीचे आजार किती, मागच्या सहा महिन्यांत किती वेळा इमर्जन्सीत आले, यावरून. १० किंवा जास्त असेल तर फोन. मग ९ वाला आणि १० वाला पेशंट तसे सारखेच असणार, फक्त एकाला फोन गेला आणि एकाला नाही, त्या दोघांची तुलना केली की झालं. मॅडम म्हणाल्या, आधी स्कोअरचा हिस्टोग्राम काढ, कुठल्या स्कोअरला किती पेशंट त्याचा आलेख. काढला. ८ ला बरेच पेशंट, ९ ला अगदी तुरळक आणि १० ला एकदम ढीग. सिस्टरना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, "एखाद्या आजींचा ९ यायचा आणि घरी बघायला कुणी नाही हे दिसत असायचं, मग मी जुने पेपर परत चाळायचे, एखादा आजार लिहायचा राहिलेला सापडायचाच." मला त्यात काहीही चूक वाटत नाही, मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण कटऑफच्या आजूबाजूला माणसाच्या निर्णयाने लोक इकडचे तिकडे झाले असतील तर ९ आणि १० सारखे राहत नाहीत, ते डिझाइन तिथेच संपतं. हिस्टोग्राम काढायला दहा मिनिटं लागतात, तो सगळ्यात आधी काढा.

मॅचिंगचाही विचार झाला, म्हणजे ज्यांनी फोन उचलला त्यांच्यासारखेच न उचललेले पेशंट शोधून तुलना करायची, प्रोपेन्सिटी स्कोअर लावून, म्हणजे नोंदींवरून पेशंट फोन उचलण्याची शक्यता किती याचा एक आकडा काढून. वय, शुगर, किडनी, सगळं जुळवता येतं. पण फोन उचलणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा कुणीतरी काळजी घेणारं असतं, आणि ही गोष्ट आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये लिहिलेली नव्हती. जे नोंदवलंच नाही ते जुळवणार कसं? म्हणून तेही सोडलं.

शेवटी ठरलं ते इंटरप्टेड टाइम सिरीज, कंट्रोल गटासकट, म्हणजे सेवा न मिळालेला एक गट तुलनेला घेऊन. सेवेच्या आधीचे १८ महिने आणि नंतरचे १८ महिने, दर महिन्याला युनिटमधून डिस्चार्ज झालेल्या हार्ट फेल्युअरच्या सगळ्या पेशंटपैकी ३० दिवसांत परत ॲडमिट झालेले किती टक्के. सगळ्या म्हणजे सगळ्या, फोन गेला असो वा नसो, म्हणजे कुणाला निवडलं हा प्रश्नच येत नाही. जुना ट्रेंड पुढे वाढवायचा आणि बघायचं की खरी रेषा त्याच्या खाली येते का, एकदम खाली येते का हळूहळू वळते. दोन्ही बाजूला निदान १२-१२ महिने असावेत म्हणतात, नाहीतर थंडीतले महिने एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला असं होऊन ऋतूचा परिणाम सेवेच्या नावावर जमा होतो. आम्ही जानेवारी २०२२ च्या मागे मुद्दामच गेलो नाही, कोविडच्या लाटांमध्ये ॲडमिशनचे आकडे कशाचेच राहिले नव्हते.

आणि कंट्रोल म्हणून शेजारचं युनिट, तिथेही हेच पेशंट येतात पण फोनची सेवा नव्हती. कंट्रोल कशाला पाहिजे, एवढा दुप्पट डेटा कशाला, असं मला तेव्हा वाटत होतं. मॅडमनी सेमेलवाइस या डॉक्टरची आठवण करून दिली. १८४७ मध्ये व्हिएन्नात त्याने पहिल्या प्रसूती विभागात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, एप्रिलमध्ये तिथे बाळंतिणींचा मृत्युदर १८ टक्क्यांच्या वर होता तो जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला. तो आकडा इतका भक्कम वाटतो कारण त्याच हॉस्पिटलमध्ये दुसरा विभाग होता, सुईणींचा, पहिल्या विभागातले डॉक्टर पोस्टमॉर्टेम करून थेट यायचे तसं तिथे कुणी येत नव्हतं आणि तिथे मृत्यू आधीपासूनच कमी होते. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ ला सार्वजनिक ठिकाणी सिगारेट बंद झाली तेव्हाही असंच, तिथे हार्टच्या तीव्र त्रासाने ॲडमिट होणारे १७ टक्क्यांनी घटले, पण त्याच काळात बंदी नसलेल्या इंग्लंडमध्येही ४ टक्क्यांनी घटलेच होते. ते ४ टक्के माहीत नसते तर सगळे १७ बंदीच्या खात्यात गेले असते.

डिझाइन ठरत असतानाच मी प्रोटोकॉल, म्हणजे काय आणि कसं मोजणार याचा आराखडा, लिहीत होते, त्याला तीन आठवडे लागले, रोज ड्यूटीनंतर दोन तास. त्यात एक वाक्य मॅडमनी आग्रहाने घालायला लावलं, की जुलै आणि ऑगस्ट २०२३ हे दोन महिने ॲनालिसिसमधून वगळू, कारण तेव्हा सेवेची घडी बसत होती, सिस्टर एकट्याच फोन करत होत्या. असे महिने वगळायचे असतील तर डेटा बघायच्या आधी लिहून ठेवायचे, नंतर ठरवलं तर ते सोयीचं वगळणं होतं. ३ मार्चला एथिक्स कमिटीकडे अर्ज दिला. २४ एप्रिलला मंजुरी आली, साडेसात आठवडे. मध्ये दोन वेळा फाइल परत आली, एकदा विचारलं की हे क्वालिटी इम्प्रूव्हमेंट आहे की रिसर्च, आणि एकदा की पेशंटची संमती का घेणार नाही. पहिल्याचं उत्तर, निकाल प्रसिद्ध करायचा आहे म्हणून रिसर्चच समजा. दुसऱ्याचं, जुन्या नोंदी आहेत, नाव-नंबर काढून टाकलेला डेटा आहे, आणि सगळ्यांना गाठणं शक्य नाही, म्हणून संमतीतून सूट द्या, असा वेगळा फॉर्म असतो. तो फॉर्म पहिल्याच वेळी जोडला असता तर निदान दोन आठवडे वाचले असते.

डेटा २८ एप्रिलला मागितला, पहिली फाइल ११ जूनला आली. उघडली तर एकाच पेशंटला वॉर्डातून आयसीयूत हलवलं की सिस्टीम त्याला नवीन ॲडमिशन धरत होती, म्हणजे घरी न जाताच माणूस "परत ॲडमिट". ते दुरुस्त करायला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये घरी गेलेल्यांचे ३० दिवस जानेवारीत पूर्ण होतात म्हणून जानेवारी २०२५ च्या नोंदीही मागवायला, जुलै संपला. रेकॉर्ड सेक्शनला मेल करत बसण्यापेक्षा मी शेवटी ३० केस पेपर हातात घेऊन तिथे जाऊन बसले, एकेक पेपर आणि स्क्रीनवरची ओळ जुळवून बघितली, एका दुपारीत सगळा घोळ कळला. हे सुरुवातीलाच करा.

ऑगस्टचा पहिला शनिवार. सगळे ऑफिसातून गेले होते, मी आमच्या युनिटचे ३६ ठिपके काढले. महिन्याला चाळीसच्या आसपास डिस्चार्ज, त्यामुळे ठिपके वरखाली उड्या मारत होते, पण सप्टेंबर २०२३ पासून रेषा स्पष्ट खाली बसली होती. वगळायचे दोन महिने संपले आणि तिथूनच घट! मॉडेलमध्येही, म्हणजे ट्रेंडचा हिशोब करणाऱ्या गणितातही, घट आली, चांगली मोठी. मी खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. मग ठरल्याप्रमाणे त्याच ग्राफवर शेजारच्या युनिटचे ठिपके टाकले, करड्या रंगात. तेही सप्टेंबरलाच खाली आले होते. जवळजवळ तेवढेच.

मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. शेजारी फोन करणारं कुणी नव्हतं, मग तिथे कशाने कमी झालं?

उत्तर कुठल्या पेपरात मिळालं नाही. सोमवारी इमर्जन्सीच्या इन्चार्ज सिस्टरना सहज विचारलं की सप्टेंबर २०२३ मध्ये तुमच्याकडे काही बदललं होतं का. त्या म्हणाल्या, "अगं ऑब्झर्वेशन वॉर्ड तेव्हाच सुरू झाला ना. दम लागून आलेल्याला आता आम्ही तिथे घेतो, इंजेक्शन देतो, रात्रभर ठेवतो, सकाळी बरं वाटलं तर घरी. ॲडमिशन कुठे करतोय आता." म्हणजे पेशंट येतच होते. तितकेच दमलेले, तितकेच घाबरलेले. फक्त आमच्या मोजण्याच्या व्याख्येत ते बसत नव्हते. कंट्रोल नसतं तर मी तो वॉर्ड उघडल्याची घट आमच्या फोनच्या नावाने छापली असती, आणि ती चूक कुणाला कधी दिसलीही नसती. म्हणून सांगते, ग्राफ काढायच्या आधी एक तक्ता करा, महिन्यावार, हॉस्पिटलमध्ये काय काय बदललं, नवीन वॉर्ड, नवीन सॉफ्टवेअर, नोंदीत आजारांना कोड देण्याचे नियम, औषधांची यादी, स्टाफच्या बदल्या, आणि तो तक्ता ऑफिसात बसून नाही तर वॉर्डात जाऊन जुन्या सिस्टर्सना विचारून भरा.

मग मुख्य मोजमाप बदलावं लागलं, ३० दिवसांत हॉस्पिटलमध्ये कुठल्याही प्रकारे परत येणं, इमर्जन्सी असो, ऑब्झर्वेशन असो वा ॲडमिशन. डेटा बघून झाल्यावर हा बदल करतोय म्हणून एथिक्सला दुरुस्ती अर्ज दिला, १६ दिवसांत मंजुरी आली, आणि रिपोर्टमध्ये जुनं आणि नवं दोन्ही मोजमाप छापायचं, बदल का केला तेही लिहायचं असं ठरलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, लिहिलं नाही तर मात्र आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर मॉडेलमध्ये गेले. आर (R) नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे, पण शिकायला माझे सहा रविवार गेले. तांत्रिक भाग फार लांबवत नाही, पण एक गोष्ट माझ्यासारख्यांना कुणी सांगत नाही ती अशी की या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी बांधलेला असतो, ऑटोकोरिलेशन, आणि ते हिशोबात घेतलं नाही तर मॉडेल उगाच आत्मविश्वासाने बोलायला लागतं. २००४ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं, कधी झालेच नाहीत असे काल्पनिक कायदे डेटात टाकून डिफरन्स-इन-डिफरन्सेस लावलं, म्हणजे एका गटातल्या आधी-नंतरच्या बदलातून दुसऱ्या गटातला बदल वजा केला, तर निव्वळ योगायोगाने ५ टक्के वेळा "परिणाम" दिसायला हवा होता तिथे तो ४५ टक्क्यांपर्यंत दिसला. आम्हीही तसंच करून बघितलं, सेवा जानेवारी २०२३ ला सुरू झाली असं खोटंच धरलं, तेव्हा घट दिसायला नको होती आणि दिसली नाही, बरं वाटलं. सेवेआधी दोन्ही युनिटच्या रेषा समांतर चालत होत्या का तेही बघितलं, साधारण होत्या. शिवाय हेही कळलं की आमचा वजन लिहायचा तक्ता शेजारच्या युनिटमधल्या एका सिस्टरना आवडला म्हणून त्या झेरॉक्स काढून पेशंटना देत होत्या. पेशंटच्या दृष्टीने किती चांगलं! पण कंट्रोल त्यामुळे थोडा आमच्यासारखा झाला आणि फरक कमी दिसण्याची शक्यता वाढली, ते मर्यादांमध्ये लिहिलं.

निकाल असा आला, फोनच्या सेवेनंतर परत येण्यात थोडी घट, पण कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा परिणाम ज्या पट्ट्यात असू शकतो तो, शून्याच्या दोन्ही बाजूला. म्हणजे उपयोग होत असेलही, किती ते या डेटावरून सांगता येत नाही, आणि "निम्मं झालं" हे तर नक्कीच खरं नाही. सिस्टरना मी हे मीटिंगच्या आदल्या दिवशी, एकट्यांना, दोन्ही ग्राफ समोर ठेवून सांगितलं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग करड्या ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे हे लोकसुद्धा रात्री दम लागून येतच होते, आपल्याला कळलं नाही एवढंच." हो, तेवढंच. त्या बोलण्यामुळे मी रिपोर्टमध्ये ऑब्झर्वेशनमध्ये येणाऱ्यांचा वेगळा भाग घातला, आणि आता त्यांनाही फोन जातो.

पेपर लिहिताना ट्रेंड स्टेटमेंट नावाची २००४ ची चेकलिस्ट आहे, रँडमाइज न केलेल्या मूल्यमापनांसाठीच, ती समोर ठेवून लिहिलं तर बरेच प्रश्न आधीच सुटतात. पहिल्या जर्नलने नऊ दिवसांत नाही म्हटलं, दुसरीकडून दुरुस्त्या आल्यात, त्यात एक रिव्ह्यूअर विचारतो की दोन महिने का वगळले, आणि माझ्याकडे मार्चमधला तारखेसकटचा प्रोटोकॉल आहे. जर्नलची पेपर छापायची फी परवडत नसेल तर सूट मिळते का हे सबमिट करायच्या आधीच विचारा, नंतर मागितली तर बरेच जण देत नाहीत.

डिसेंबरच्या मीटिंगमध्ये मला वाटलं होतं सेवा बंद होईल. उलट ठरलं की उरलेल्या चार युनिटमध्ये सुरू करायची, पण सगळीकडे एकदम फोन करायला माणसंच नाहीत, दर तीन महिन्यांनी एक युनिट. मॅडम लगेच म्हणाल्या, मग कोणतं आधी हे कुणी ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. याला स्टेप्ड वेज म्हणतात, प्रत्येकाला सेवा मिळतेच, फक्त क्रम रँडम, आणि ज्यांचा नंबर अजून यायचाय ते तोपर्यंत कंट्रोल. एका युनिटचे प्रमुख जरा नाराज होते, त्यांना पहिलं पाहिजे होतं. जानेवारीत चारही युनिटचे लोक एका खोलीत बसले, चार घड्या केलेले कागद एका रिकाम्या गोळ्यांच्या डब्यात टाकले आणि डबा सिस्टरच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा हलवला, एक कागद काढला, उघडला आणि मोठ्याने वाचला. युनिट तीन. मी तारीख आणि वेळ वहीत लिहिली, खाली चौघांच्या सह्या घेतल्या.